पुळणीवरचे कासव आणि सभामंडपातले कासव

सावित्री नदी अरबी समुद्राला मिळते तिथे खाडीच्या उत्तर अंगाला रायगड जिल्ह्यातील हरिहरेश्वर आणि दक्षिण अंगाला रत्नागिरी जिल्ह्यातील बाणकोट ही दोन गावे आहेत, आणि बाणकोटपासून थोडे पुढे, डोंगराचा पायथा व समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत मंडणगड तालुक्यातील वेळास वसले आहे. नाना फडणवीसांचे मूळ गाव ही त्याची जुनी ओळख; गेल्या दोन दशकांत मात्र ते समुद्री कासवांमुळे ओळखले जाऊ लागले आहे. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव आणि म्हसळ्यामार्गे येणारा प्रवासी बागमांडल्याच्या जेट्टीवर थांबतो, गाडीसकट फेरीबोटीत चढतो, पलीकडे वेश्वीला उतरतो आणि बाणकोटच्या हिम्मतगडाखालून वेळासच्या वळणांना लागतो. या वाटेवर त्याला नारळी-पोफळीच्या वाड्या, चिऱ्याचे गडगे आणि मार्चमध्ये मोहोरातून कैरीकडे निघालेली आंब्याची झाडे दिसतात, आणि त्यांच्याइतक्याच सातत्याने दिसतात त्या पाट्या. कचरा टाकू नये, मद्यपान करू नये, पुळणीवर वाहन नेऊ नये, नियम मोडणाऱ्यावर कारवाई करण्यात येईल, अशी ही नकारार्थी क्रियापदांची माळ कोकणच्या जवळजवळ प्रत्येक पर्यटनस्थळी लटकलेली असते, आणि बऱ्याचदा तिच्याच खांबाशी वेफर्सची पाकिटे आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या साचलेल्या असतात.

याच प्रवाशाने वाटेत एखाद्या शिवमंदिरात दर्शन घेतलेले असते. महाराष्ट्रातील बहुतेक शिवमंदिरांत गाभाऱ्यासमोरच्या फरशीत दगडी कासव बसवलेले असते, आणि त्याच्यावर पाय पडू नये म्हणून कितीही गर्दी असली तरी माणसे बाजूने जातात, अनेक जण वाकून त्याला हात लावतात, लहान मुलाचा पाय पडलाच तर आजी त्याला नमस्कार करायला लावते. तिथे पाटी नसते, दंड नसतो आणि रखवालदारही नसतो. एकाच दिवसात, एकाच माणसाकडून, दगडी कासवाला मिळणारा आदर आणि जिवंत कासवाच्या पुळणीला मिळणारी बेफिकिरी यांच्यामधले अंतर कसे मिटवायचे, हा पर्यावरणस्नेही पर्यटनापुढचा खरा प्रश्न आहे, आणि वेळासचा प्रवास त्याचे एक उत्तर दाखवतो. पर्यटकाला धाकात ठेवण्यापेक्षा त्याच्यातील कुतूहल, विस्मय, आपलेपणा आणि कृतज्ञता या भावनांना काम दिले, तर तो स्थळाचा राखणदार होण्याची शक्यता वाढते, मात्र त्या भावनांना वळण लावणारा यजमान जागेवर असावा लागतो, असे ते उत्तर थोडक्यात सांगता येईल.

या उत्तराला ज्या ज्ञानशाखेचा आधार आहे तिला सकारात्मक मानसशास्त्र म्हणतात. मानसशास्त्राने विसाव्या शतकाचा मोठा काळ नैराश्य, चिंता, आघात अशा मनाच्या दुखण्यांचा अभ्यास करण्यात घालवला. १९९८ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष झालेल्या मार्टिन सेलिगमन यांनी मात्र माणूस कशामुळे बहरतो याचाही तितक्याच शिस्तीने अभ्यास व्हावा, असा आग्रह धरला. सेलिगमन यांनी पुढे २०११ च्या ग्रंथात मानवी बहराचे पाच घटक मांडले : सुखद भावना, कामातील तल्लीनता, नातेसंबंध, जगण्यातील अर्थ आणि काही साधल्याचे समाधान. बार्बरा फ्रेडरिक्सन यांनी १९९८ मध्येच सुखद भावनांच्या उपयोगाचा प्रश्न विचारला होता. भीती माणसाची नजर एका धोक्यावर खिळवते आणि त्याला पळायला किंवा झुंजायला लावते. याउलट आनंद आणि कुतूहल त्याचे लक्ष रुंदावतात, त्याला नवे पाहायला, शिकायला, ओळखी करायला प्रवृत्त करतात, आणि या रुंदावलेल्या लक्षातून ज्ञान, कौशल्य, स्नेह असे टिकाऊ संचित तयार होते. विस्तार आणि संचय यांच्या या सिद्धान्ताचा पर्यटनाशी थेट संबंध आहे, कारण पर्यटक घराबाहेर पडतो तोच मुळात सुखद भावनेच्या शोधात. त्याला अपराधी वाटायला लावणारा संदेश त्याच्या प्रवासाच्या हेतूलाच आडवा जातो आणि म्हणून कानाआड केला जातो.

पाट्यांच्या बाबतीत एक जुना प्रयोग बोधप्रद आहे. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात ‘पेट्रिफाइड फॉरेस्ट’ नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे कोट्यवधी वर्षांपूर्वीचे वृक्ष दगड होऊन पडलेले आहेत आणि त्यांचे तुकडे आठवण म्हणून खिशात घालण्याची पर्यटकांची खोड आहे. रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या पायवाटांवर खुणा केलेले तुकडे ठेवले आणि वेगवेगळ्या मजकुराच्या पाट्या लावून पाहिल्या. आजवर अनेक पर्यटकांनी तुकडे नेल्यामुळे उद्यानाचे रूप बिघडले, अशा आशयाची पाटी असताना सुमारे ८ टक्के तुकडे नाहीसे झाले, आणि तुकडे उचलू नका अशी साधी विनंती असताना २ टक्क्यांहूनही कमी. पहिल्या पाटीने चोरीचा निषेध केला, पण त्याच दमात सगळेच नेतात ही बातमीही दिली, आणि अनोळखी जागी आलेला माणूस कसे वागावे हे चार जणांकडे पाहूनच ठरवतो. इतर लोक प्रत्यक्षात काय करतात याच्या या समजुतीला मानसशास्त्रात वर्णनात्मक प्रमाण म्हणतात. नकार मुळातच वाईट, असा या प्रयोगाचा अर्थ होत नाही. साध्या शब्दांतील विनंती कामाला येते, लोकांच्या बेशिस्तीचे जाहीर रडगाणे मात्र ती बेशिस्तच रूढ असल्याचे शिकवते. कोकणातील किनाऱ्यांविषयीचे बरेचसे प्रबोधन कचऱ्याच्या ढिगांची छायाचित्रे दाखवून केले जाते, तेव्हा या भेदाचा विसर पडलेला असतो.

वेळासला पोहोचलेल्या पर्यटकाच्या वाट्याला पाटीआधी घर येते. गावात मोठे हॉटेल नाही. पाहुण्यांची सोय गावकऱ्यांच्या घरांत होते, पडवीत किंवा माजघरात अंथरुणे पडतात, आणि जेवायला घरात शिजेल तेच, म्हणजे आमटी-भात, सोलकढी आणि कधी उकडीचे मोदक, असे ताट समोर येते. ही व्यवस्था सोय म्हणून उभी राहिली असली तरी तिचा मानसशास्त्रीय परिणाम मोठा आहे. हॉटेलातला माणूस ग्राहक असतो आणि पैसे मोजल्यावर पाणी, वीज, चादरी यांवर आपला हक्क झाला असे त्याला वाटते. घरात उतरलेला माणूस पाहुणा होतो, आणि मराठी घरात पाहुण्याने कसे वागावे याची शिकवण त्याला लहानपणापासून मिळालेली असते. घरच्या बाईंनी विहिरीचे पाणी भरून ठेवलेले त्याने पाहिलेले असते, म्हणून ते बादलीभर ओतून देताना त्याचा हात आपोआप आखडतो, आणि यजमान काकू समोर उभ्या असताना ताटात अन्न टाकणे त्याला जमत नाही. या संकोचाला दडपण म्हणणे चूक ठरेल, कारण त्याचे मूळ नात्यात आहे.

हॉटेलांमध्ये झालेल्या प्रयोगांतूनही हेच सूत्र वेगळ्या रूपाने दिसते. नोआ गोल्डस्टीन, चाल्डिनी आणि व्लादास ग्रिस्केविशियस यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात न्हाणीघरात ठेवलेल्या कार्डांचा मजकूर बदलून पाहिला. पर्यावरण वाचवण्यासाठी टॉवेल पुन्हा वापरा, एवढेच लिहिले असता सुमारे ३५ टक्के पाहुण्यांनी ते केले. इथे राहणारे बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात, असे लिहिल्यावर हे प्रमाण ४४ टक्क्यांवर गेले. आणि याच खोलीत राहून गेलेल्या पाहुण्यांचा उल्लेख केला तेव्हा ते, दुसऱ्या फेरीत, ४९ टक्क्यांच्या आसपास पोहोचले. आपल्या आधी याच चार भिंतींत राहिलेल्या, नावगाव माहीत नसलेल्या माणसाशी जोडले गेल्याची नुसती जाणीवही वागणूक बदलते, तर ज्या घराची पडवी, विहीर आणि आजी समोर दिसते तिथे त्याचा जोर वाढत असला पाहिजे, असे अनुमान काढणे अवाजवी नाही. स्लोव्हेनियातील एका हॉटेलात सारा डॉल्निचार आणि सहकाऱ्यांनी याच्याही पुढे जाऊन बोधवाक्यच वगळले : मुलांना शिक्के गोळा करण्याची वही दिली, घरच्या मंडळींची ताटे स्वच्छ झाली की वहीत शिक्का मिळे, आणि या खेळाने कुटुंबांच्या ताटांतील उष्टे सुमारे एक तृतीयांशाने घटले. कुणालाही दोष न देता, सुट्टीची मजा कमी न करता, उलट तिच्यात भर घालून हे साधले, हे या प्रयोगाचे वैशिष्ट्य आहे.

वेळासचे स्थान समजण्यासाठी थोडा मागचा इतिहास पाहणे आवश्यक आहे. ऑलिव्ह रिडले हे आकाराने लहान समुद्री कासव. ओडिशाच्या गहिरमाथा आणि ऋषिकुल्या या किनाऱ्यांवर त्याच्या हजारो माद्या एकाच वेळी अंडी घालायला येतात, त्या सामूहिक विणीला अरिबाडा म्हणतात. कोकणात असा मेळा भरत नाही. नोव्हेंबर ते मार्च या काळात एखादी मादी रात्री भरतीबरोबर वर येते, मागच्या वल्ह्यांनी सुरईच्या आकाराचा हात-दीड हात खोल खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून जागा पोटाने थापते आणि मागे न पाहता समुद्रात परतते. भारतीय वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असूनही या घरट्यांना पूर्वी वेळाससारख्या गावांत संरक्षण नव्हते. माग काढून अंडी उकरली जात, खाल्ली किंवा विकली जात, आणि उरलेली कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी पडत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या नेतृत्वाखाली २००२ पासून इथे घरटी वाचवण्याचे काम सुरू केले, त्यात वन विभाग आणि ग्रामस्थ सामील झाले, आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. अंडी राखण्यातून गावाला चार पैसे मिळावेत, हा महोत्सवामागचा व्यवहार होता, आणि तो उघडपणे मांडला गेला हे बरे झाले, कारण पोटाचा विचार न करणारे संवर्धन गावात टिकत नाही.

महोत्सवाचा दिवस पहाटे सुरू होतो. सुरूच्या बनातून निघणारी पायवाट पुळणीवर येते, तिथून ओल्या वाळूतून काही अंतर चालले की जाळीने वेढलेले एक छोटे आवार लागते, त्याला सगळे हॅचरी म्हणतात. किनाऱ्यावर सापडलेल्या घरट्यांतील अंडी काही तासांच्या आत, हिंदकळू न देता, तिथे आणून मूळ खड्ड्याच्याच खोलीचा आणि आकाराचा खड्डा करून ठेवलेली असतात. प्रत्येक खड्ड्यापाशी तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली असते, आणि दिवस भरत आलेल्या घरट्यावर टोपली पालथी घातलेली असते. रोज सकाळी आणि संध्याकाळी या टोपल्या उचलून पाहिल्या जातात. टोपली उचलणारा कासवमित्र, म्हणजे घरटी राखणारा कार्यकर्ता, वाळूशी बसतो, कडेला बोटे घालून ती अलगद वर करतो, आणि क्षणभर वाळूशिवाय काहीच दिसत नाही. मग वाळूचाच एक खडा हलतो, त्याला डोके फुटते, आणि तळहाताच्या मध्यात मावेल एवढे काळपट पिल्लू पुढची वल्ही हवेत मारत बाहेर येते. त्याच्या पाठीवर ओली वाळू चिकटलेली असते आणि डोळ्यांच्या कडेलाही. मोजलेली पिल्ले समुद्रापासून काही अंतरावर वाळूत सोडली जातात, कारण ते अंतर त्यांनी स्वतः कापावे असा दंडक आहे. पिल्लू चार हात चालते, दम घेते, पर्यटकाच्या बुटाने उमटलेल्या खळग्यात पडते, धडपडून वर येते, पहिली लाट त्याला मागे फेकते आणि तिसरी किंवा चौथी घेऊन जाते.

या दृश्याने जमलेल्यांवर होणारा परिणाम मानसशास्त्राच्या भाषेत विस्मय या भावनेत मोडतो. डॅकर केल्टनर आणि जोनाथन हाइट यांनी २००३ मध्ये विस्मयाचे दोन घटक सांगितले : समोरच्या गोष्टीची विराटता जाणवणे, आणि ती मावून घेण्यासाठी मनातील जुन्या चौकटी बदलाव्या लागणे. वेळासची गंमत अशी की इथे विस्मय जागवणारी वस्तू बोटभर आहे. विराटता येते ती तिच्या समोरच्या समुद्रामुळे, आणि प्रौढ झाल्यावर अंडी घालायला मादी बहुधा आपण जन्मलो त्याच प्रदेशातील किनाऱ्यांकडे वळते, हे कळल्यामुळे. २०२२ च्या जानेवारीत वेळासला अंडी घालून परतणाऱ्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवले गेले आणि तिला प्रथमा हे नाव मिळाले. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील अशा रीतीने माग ठेवलेले ते पहिले ऑलिव्ह रिडले होते. नाव मिळालेला प्राणी कुणीतरी होतो, आणि त्याच्या वाटेचा नकाशा पाहणाऱ्याला स्वतःच्या किनाऱ्याची हद्द एकाएकी दूरवर सरकलेली दिसते. विस्मयाचा वागण्यावर परिणाम होतो, हेही तपासले गेले आहे : पॉल पिफ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातील एका प्रयोगात काही जणांना मिनिटभर उंच निलगिरीच्या झाडांकडे आणि काही जणांना एका इमारतीकडे पाहायला सांगितले, मग प्रयोगकर्त्याच्या हातून पेने सांडली, आणि झाडांकडे पाहिलेल्यांनी ती अधिक संख्येने उचलून दिली. आपण लहान आहोत याची सुखद जाणीव झाली की माणूस स्वतःभोवती कमी घुटमळतो आणि दुसऱ्याकडे त्याचे लक्ष जाते, असा या निष्कर्षाचा आशय आहे.

तरीही नुसता विस्मय पुरत नाही, कारण त्याच क्षणी दहा हात मोबाइल घेऊन पुढे सरसावतात. पुळणीवर दोन बाजूंना दोर बांधलेला असतो आणि पर्यटकांनी त्याच्या मागे राहायचे असते. हा दोर टिकतो तो कासवमित्राच्या बोलण्यावर. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या स्वनिर्धारण सिद्धान्तानुसार माणसाचे वागणे आतून उगवायचे असेल, तर तीन मूलभूत गरजा भागाव्या लागतात : आपण हे स्वतःहून करतो आहोत असे वाटणे, म्हणजे स्वायत्तता, आपल्याला ते जमते असे वाटणे, म्हणजे सक्षमता, आणि हे करताना आपण कुणाशी तरी जोडलेले आहोत असे वाटणे, म्हणजे आपलेपणा. कारण न सांगता लादलेला नियम यांपैकी पहिलीच गरज मोडतो. म्हणून मोबाइलचा दिवा बंद करा, एवढे सांगून अनुभवी कासवमित्र थांबत नाही. पिल्लू अंधारात उजेडाच्या दिशेने जाते, मोकळ्या समुद्रावरचे आकाश जमिनीपेक्षा उजळ असते म्हणून त्याला समुद्र सापडतो, आणि मागे दिवा लागला तर ते उलट फिरून वाळूतच दमून मरते, हे तो सांगतो. कारण कळलेला शाळकरी मुलगा मग स्वतःच्या वडिलांना दिवा बंद करायला लावतो. त्या मुलाला नियम पाळल्याचे बक्षीस मिळत नाही आणि मिळूही नये, कारण आवडीने चाललेल्या कामाला पैसे जोडले की पैसे थांबल्यावर आवडही ओसरते, हे डेसी यांनी १९७१ मधील आपल्या प्रयोगांतच दाखवले होते. त्याला मिळते ते एक काम, आणि ते आपल्याला जमले याचे समाधान.

या सगळ्याची खरी परीक्षा टोपली रिकामी निघते त्या सकाळी होते. घरट्याचे पन्नास-पंचावन्न दिवस भरले तरी पिल्ले कधी निघतील हे वाळूचे तापमान ठरवते, आणि कित्येक पर्यटक सात-आठ तासांचा प्रवास करून येतात, पहाटे उठतात आणि वाळूच पाहून परततात. सेलिगमन यांच्या पाच घटकांकडे या ठिकाणी पुन्हा वळावे लागते, कारण सुखद भावना आणि जगण्यातील अर्थ हे दोन घटक इथे एकमेकांपासून सुटे होतात. पिल्लू पाहायला मिळणे हे सुख. घरटे राखले जात आहे, ते आज ना उद्या फुटेल आणि आपल्या येण्याने त्या राखणीला हातभार लागला, हे कळणे हा अर्थ. ज्या पर्यटकाला आधीच्या संध्याकाळी घरट्यांची, माद्यांच्या फेऱ्यांची, गावाने केलेल्या गस्तीची माहिती मिळालेली असते, तो रिकाम्या टोपलीपाशीही थांबतो, प्रश्न विचारतो, पुळणीवर मादीच्या येण्याजाण्याचे माग शोधतो. ज्याला जाहिरातीने पिल्ले दाखवण्याचा शब्द दिलेला असतो, तो चिडतो आणि गाडी वळवतो. म्हणून हमी न देणे हा वेळासच्या पर्यटनाचा दोष मानण्याचे कारण नाही. निसर्ग वेळापत्रकाने चालत नाही, हा धडा तिथे कुणी न शिकवता मिळतो.

हमीच्या अपेक्षेने काय होते, याचे उदाहरण साताऱ्याजवळच्या कास पठारावर सापडते. समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवरचा हा सडा पश्चिम घाटातील अन्य स्थळांसह २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात गेंद, तेरडा, सीतेची आसवे यांच्या ताटव्यांत बसून छायाचित्रे काढायला मिळतीलच या भरवशावर गाड्यांच्या रांगा लागू लागल्या. आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांनी आणि वन विभागाने प्रवेशशुल्क, आगाऊ नोंदणी आणि दिवसाला सुमारे तीन हजार पर्यटकांची मर्यादा घातली, ती आवश्यकच होती. काही वर्षे जाळीचे कुंपणही होते, पण गुरे आणि वन्य प्राणी यांचा वावर थांबल्याने फुलांवरच विपरीत परिणाम होत असल्याच्या तक्रारी वाढल्या आणि अखेर ते काढले गेले. कुंपणाने पर्यटकाचा पाय अडवला, पण त्याच्या डोळ्यांना काही शिकवले नाही. त्याच पठारावर एखादा गावकरी मार्गदर्शक गुडघ्यावर बसून दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या पानावर अडकलेले चिलट दाखवतो, तेव्हा भोवतीची दहा माणसे पाय कुठे ठेवावा हे स्वतःहून पाहू लागतात.

आणखी एका भावनेची नोंद करणे आवश्यक आहे. दुसऱ्याचे सद्वर्तन पाहिल्यावर छातीत ऊब दाटते आणि आपणही तसे काही करावेसे वाटते, या अनुभवाला हाइट यांनी नैतिक उन्नयन असे नाव दिले. ज्या गावात एकेकाळी अंडी उकरली जात, त्याच गावातली माणसे आज रात्री गस्त घालून अंडी राखतात, ही वेळासची कहाणी पर्यटकाला पिल्लाइतकीच भिडते, कारण तिच्यात माणूस बदलू शकतो याचा पुरावा असतो. या ऊर्मीला लगेच एखाद्या लहान कृतीचा घाट दिला तर ती टिकते. पॅसिफिक महासागरातील पलाऊ या बेटराष्ट्राने डिसेंबर २०१७ पासून हे करून दाखवले आहे : तिथे उतरणाऱ्या प्रत्येक पर्यटकाच्या पासपोर्टवर एका प्रतिज्ञेचा शिक्का उमटवला जातो, ती पलाऊच्या मुलांना उद्देशून असते, आणि बेटाशी जपून वागेन असे वचन देऊन पर्यटकाला तिच्याखाली सही करावी लागते. मराठी माणसाला हे नवे वाटण्याचे कारण नाही. पूजेच्या आरंभी तळहातावर पाणी घेऊन संकल्प सोडण्यामागेही, उच्चारलेल्या आणि साक्षीने केलेल्या निश्चयाला माणूस अधिक जागतो, हीच जाण आहे.

या विचारसरणीच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. सुखद भावना ओसरतात, आणि महामार्गावरच्या पहिल्या कोंडीत विस्मय कितपत शिल्लक राहतो, हा प्रश्न रास्त आहे. एक चांगले काम केल्यावर पुढच्या बेपर्वाईची सूट मिळाली असे माणसाला वाटते, तेव्हा पिल्लासाठी दिवा विझवणारा पर्यटक परतीच्या वाटेवर बाटली खिडकीतून भिरकावू शकतो. शिवाय स्थळ जितके प्रेमाने दाखवले जाते तितकी त्याची ख्याती वाढते, आणि ख्यातीबरोबर आलेल्या पावलांखाली तीच वाळू तुडवली जाते. म्हणून संख्येची मर्यादा, किनाऱ्यावरील दिव्यांवर निर्बंध, कचरा उचलण्याची यंत्रणा आणि वेळप्रसंगी दंड यांना सकारात्मक मानसशास्त्र हा पर्याय ठरत नाही. वाळू तापली की कासवांच्या पिल्लांत माद्यांचे प्रमाण वाढते, कारण अंड्यातील पिल्लाचे लिंग तापमानावर ठरते. हवामान तापत असताना या संकटावर पुळणीवरच्या सद्भावनेने मात करता येणार नाही, हेही उघड आहे. भावना नियमाची जागा घेत नाहीत, पण रखवालदार नसलेल्या तासांत नियम पाळला जातो तो त्यांच्याच बळावर, आणि पुळणीवर दिवसाचे बहुतेक तास असेच असतात.

वेळासच्या अनुभवावरून कोकणातील अन्य किनाऱ्यांना आणि घाटावरच्या पर्यटनस्थळांना घेण्यासारखे काही असेल, तर ते हे : पर्यटकाला स्थळ दाखवण्याआधी माणूस भेटवावा, मनाई करताना कारण सांगावे, बेशिस्तीच्या कथांऐवजी आदल्या आठवड्यातल्या पाहुण्यांनी काय जपले ते सांगावे, मुलांच्या हाती एखादे खरे काम द्यावे, आणि निघण्यापूर्वी प्रत्येकाकडून एक छोटे वचन घ्यावे. सभामंडपातल्या दगडी कासवाला मिळणारा आदर असाच, पिढ्यान्‌पिढ्या हाताला धरून शिकवलेला आहे. पुळणीवरच्या कासवासाठी ती शिकवणी आता कुठे सुरू झाली आहे. ऑलिव्ह रिडलेच्या मादीला वयात येऊन पहिल्यांदा अंडी घालायला साधारण पंधरा वर्षे लागतात. आज दोरामागे उभे राहून वडिलांना दिवा बंद करायला लावणारा मुलगा तेव्हा स्वतः गाडी चालवत या खाडीवर येण्याच्या वयाचा झालेला असेल, आणि त्याच्या सोबतच्या पिल्लांपैकी एखादी मादी परतलीच, तर तिला ती पुळण अंधारी आणि मोकळी मिळते की नाही, ते बऱ्याच अंशी त्याच्यासारख्यांच्या हाती असेल.